‘पुढे मामा उभे आहेत का, बघ’

सकाळी पावणेसातच्या सुमारास आमच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहिले, की पुण्यातल्या दुचाकीवरचा सगळा संसार नजरेसमोरून जातो. वडील गाडी चालवत असतात, मोठी मुलगी दोन दप्तरे सांभाळत मागे बसलेली असते आणि धाकटा मुलगा पुढच्या मोकळ्या जागेत दोन्ही हातांनी आरशांच्या दांड्या धरून उभा असतो. या पुढे उभ्या राहणाऱ्या मुलाला घरातूनच एक काम नेमून दिलेले असते. चौक जवळ आला की त्याने मान उंच करून वाहतूक पोलीस दिसतात का हे पाहायचे आणि दिसले तर ताबडतोब सांगायचे. मग वडील कोपराला अडकवलेले हेल्मेट एका हाताने डोक्यावर चढवतात, पट्टा तसाच लोंबत राहतो आणि चौक मागे पडला की हेल्मेट पुन्हा कोपरावर येते. ‘पुढे मामा उभे आहेत का, बघ’ हे वाक्य आमच्या मुलांनी पाढ्यांच्याही आधी पाठ केलेले असते.

मी सहावीच्या वर्गाला गणित शिकवते. पालकांनी गाडी नीट चालवावी म्हणून मुलांची मदत घ्यावी की नाही, असा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत निघतो तेव्हा मला हाच पुढे उभा असलेला मुलगा आठवतो. मुलांना या व्यवहारात आपण आता नव्याने ओढणार आहोत, असे समजण्याचे कारण नाही, कारण ती त्यात आधीपासूनच आहेत आणि तेही नियम चुकवण्याच्या बाजूने. प्रश्न आहे तो त्यांना दुसरे कोणते काम देता येईल आणि ते देताना त्यांच्या घरात भांडण लागणार नाही याची काळजी कशी घेता येईल, एवढाच. या दोन्ही बाबतींत माझ्या हातून चुका झाल्या आहेत आणि त्या येथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम होतात. पूर्वी सप्ताह असे, २०२१ मध्ये त्याचा महिना झाला. प्रभातफेरी निघते, चित्रकला स्पर्धेत लाल, पिवळे आणि हिरवे दिवे रंगवले जातात, रोड सेफ्टी पेट्रोलची, म्हणजे आरएसपीची मुले शिट्ट्या घेऊन फाटकाशी उभी राहतात आणि शेवटी पालकांच्या सहीसाठी संकल्पपत्र घरी जाते. संकल्पपत्राची ही वाट आमच्याकडे चांगलीच मळलेली आहे. फटाके न उडवण्याचे संकल्पपत्र दिवाळीआधी जाते, मतदानाचे निवडणुकीआधी जाते आणि पालक बिचारे गॅसवर दूध उतू जात असताना वहीच्या पाठीवर कागद ठेवून सही करून टाकतात. एका वर्षी मी आमच्या वर्गाची परत आलेली सगळी पत्रे घरी आणून वाचली. जवळजवळ सर्वांवर सह्या होत्या. त्यांपैकी निदान पाच सह्या एकाच निळ्या जेल पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात केलेल्या होत्या, कारण बसमध्ये एका मुलाने सगळ्यांचे काम उरकून दिले होते. त्या दिवशी फाटकाबाहेरचे दृश्य आदल्या दिवसापेक्षा तसूभरही वेगळे नव्हते.

यावरून मी जो धडा घ्यायला हवा होता तो न घेता भलताच घेतला. सही खोटी असते, निरीक्षण खरे असते, असे ठरवून मी मुलांना आठवडाभराची एक नोंदवही करायला सांगितली. आई किंवा बाबांनी हेल्मेट घातले का, लाल सिग्नल तोडला का, गाडी चालवताना फोन घेतला का, उलट्या दिशेने गाडी घातली का, अशा चार रकान्यांत रोज बरोबर किंवा चूक अशी खूण करायची होती. सहावीच्या पुस्तकात स्तंभालेख आहेच, तेव्हा नोंदींवरून आलेखही काढता येईल, असा माझा हिशेब होता. शनिवारी मी काही नोंदी वर्गात मोठ्याने वाचल्या. वर्ग हसला. ज्याच्या वहीत सर्वांत जास्त फुल्या होत्या तो मुलगा मात्र हसला नाही आणि हे माझ्या लक्षात यायला सोमवार उजाडावा लागला.

सोमवारी त्याचे वडील शाळेत आले. दुचाकीवरून घरोघरी जेवण पोहोचवण्याचे काम ते करतात. आवाज न चढवता ते म्हणाले, “बाई, तुम्ही माझ्या मुलाला माझ्यावर पाळत ठेवायला बसवलंत. फोन मी हौसेनं बघत नाही. ऑर्डर फोनवर येते, पत्ता फोनवर असतो आणि उशीर झाला की पैसे माझे कापतात. हे सगळं त्याच्या वहीत कुठं आहे?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांच्या चालवण्यातला धोका खराच होता, पण माझ्या चार रकान्यांनी एका माणसाचे पोट ज्या यंत्रावर चालते ते यंत्र त्याच्या मुलाकरवी गुन्ह्याच्या खात्यात टाकले होते. शिवाय वर्गात त्या आठवड्यात ज्यांची नोंद स्वच्छ निघाली ती मुले कोण होती, हेही मी नंतर पाहिले. बहुतेकांच्या घरी चारचाकी होती. एकाच स्कूटरवर चौघांनी जायचे ज्यांना भाग आहे, त्यांना कायद्याने दोघांचीच परवानगी आहे हे माहीत नसते असे नाही. ज्या दोन मुलांच्या घरी वाहनच नव्हते त्यांनी वहीचे पान कोरे ठेवले होते आणि मी त्यांना ‘काम अपूर्ण’ असा शेरा दिला होता.

मी वह्या परत केल्या आणि वर्गासमोर चूक कबूल केली. पण ते वडील जाताना एक प्रश्न टाकून गेले होते, तो डोक्यातून जाईना. “पोराला सांगण्यापेक्षा आम्हालाच एकदा दाखवा ना, काय होतं ते.”

येथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली होती. हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे मृत ५०,०२९ होते आणि त्यांतले १४,३३७ गाडी चालवणारे नव्हते, ते नुसते बसलेले होते. हा शेवटचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण तो मी वर्गात फळ्यावर लिहिला नाही. अकरा वर्षांच्या मुलाला मृत्यूचे आकडे सांगितले, अपघाताची छायाचित्रे दाखवली, तर ते मूल बाबा रात्री घरी येईपर्यंत जागे राहते आणि बाबांच्या वेगात त्याने काहीच फरक पडत नाही. भीती मोठ्यांना दाखवावी, ती पेलण्याचे त्यांचे वय झालेले असते. मुलांना मोजमाप द्यावे.

म्हणून गणिताचा तास मी मैदानावर नेला. ताशी चाळीस किलोमीटर हा शहरातला काही फार मोठा वेग नव्हे. त्या वेगाने गाडी एका सेकंदात किती मीटर जाते, हे मुलांनी आधी वहीत काढले. चाळीस हजार भागिले तीन हजार सहाशे, म्हणजे अकरा मीटर आणि वर थोडे. फोनवर कोणाचे नाव आले आहे हे पाहायला दोन सेकंद लागतात असे धरले, तर गाडी बावीस मीटर जाते. मग आम्ही टेप घेऊन बावीस मीटर मोजले आणि मुलांनीच शोध लावला, की हे तर जवळजवळ आपल्या खो-खोच्या दोन खांबांमधले अंतर आहे. पुढचे सुचवायला मला काही बोलावे लागले नाही. एका मुलीने ओढणी काढून दिली, एकाचे डोळे बांधले गेले आणि त्याने एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे चालायला सुरुवात केली. आठ-दहा पावले तो सरळ गेला. नंतर डावीकडे झुकत झुकत तो लिंबाच्या झाडाशी पोहोचला आणि मैदानावर एकच हशा पिकला. तो आरामात चालत गेला होता. गाडी तेवढे अंतर दोन सेकंदांत कापते, हे त्यानंतर वर्गातल्या कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

पुढच्या पालकसभेत आम्ही हाच प्रयोग पालकांवर केला. डोळे बांधायला मुले, चालायला पालक. काही पालक संकोचून मागे राहिले, एका आजोबांनी मात्र धोतराचा सोगा सावरत अख्खे मैदान पार केले आणि थेट समोरच्या खांबाला हात लावून आम्हा सर्वांना खोटे पाडले. तेथेच मी पालकांना १४,३३७ हा आकडा सांगितला. जेवण पोहोचवणारे ते वडीलही आले होते. त्यांनी फोन सोडला वगैरे काही झाले नाही, तो त्यांना सोडता येणारही नाही. त्यांनी एवढेच ठरवले, की मुलगा मागे बसलेला असेल तेवढा वेळ फोन त्याच्या दप्तरात राहील आणि महत्त्वाचा वाटला तर गाडी कडेला घेऊन पाहायचा. दिवसाकाठी ही वीस-पंचवीस मिनिटे होतात. मला ते पुरेसे वाटते, कारण हा करार बाप-लेकाने आपसात केला आहे आणि त्यात मी कुठेच नाही.

मुलाचे गाडीवरचे नाते प्रवाशाचे असते, हे मला या सगळ्यातून उमगले. पोलीस, शिक्षक किंवा शेजारी जे सांगतात ते बाहेरून सांगतात. मूल जे मागते ते त्याच्या स्वतःच्या डोक्यासाठी मागते आणि ‘माझे हेल्मेट कुठे आहे’ या प्रश्नात आई-वडिलांचा अपमान नसतो. कायदाही याच बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार चार वर्षांवरील प्रत्येकाने दुचाकीवर हेल्मेट घालायचे आहे. त्याहून लहान मुलांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम निघाले आणि वर्षभराने ते लागू झाले. मूल चालकाला पट्ट्याने बांधलेले असावे, नऊ महिन्यांवरील मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट असावे आणि अशा वेळी वेग ताशी चाळीसच्या वर जाऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. आमच्या शहरात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा मानेचे दुखणे, केसांचे गळणे आणि गर्दीतला मुळातच कमी असलेला वेग या तिन्हींवर जे वाद झडले, त्यांत मागे बसलेल्या मुलाच्या डोक्याचा विषय फारसा कोणी काढल्याचे मला आठवत नाही. पुणेकराला वादात हरवणे कठीणच असते, पण त्याच्या सहा वर्षांच्या नातीने मागितलेली वस्तू नाकारणे त्यालाही जड जाते.

मात्र मूल हेल्मेट मागते आणि पालक द्यायला तयार होतात, तरी ते डोक्यावर येत नाही, हे मला नंतर कळले. त्याचे कारण अगदी साधे होते. सकाळी आई मुलीला सोडते, मुलीचे हेल्मेट स्कूटरच्या आकड्याला अडकवते आणि तशीच कामावर जाते. साडेबाराला न्यायला आजोबा येतात ते दुसऱ्या गाडीवरून. हेल्मेट त्या वेळी हिंजवडीच्या एखाद्या वाहनतळावर उन्हात तापत असते. दोन हेल्मेट घ्यावीत तर डोके दर दोन वर्षांनी वाढते आणि आयएसआय खुणेचे चांगले हेल्मेट स्वस्त नसते. रस्त्याच्या कडेला खेळण्यासारखी रंगीत टोपरी मिळतात, ती मी घेऊ देत नाही. वर्गात हेल्मेट ठेवायचे म्हटले तर बाकाखाली दप्तर असते आणि बाकावर वही. म्हणजे अडचण मनोवृत्तीची नव्हतीच, खुंटीची होती.

आमच्या शिपाईकाकांनी वर्गाच्या मागच्या भिंतीला एक लाकडी पट्टी ठोकली आणि तिला चाळीस खुंट्या लावल्या. खर्च माझ्या अंदाजापेक्षा बराच कमी आला. पहिल्या आठवड्यात पाच हेल्मेटे लटकली, त्यांतले एक क्रिकेटचे होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर खुंट्यांसाठी भांडणे होऊ लागली तेव्हा मी समाधानाने कानाडोळा केला. आता साडेबाराला घंटा झाली की मुले आधी मागच्या भिंतीकडे जातात. आजोबा हेल्मेट घालतातच असे नाही, काहींची टोपी अजून अढळ आहे, पण नातवाचा पट्टा लागेपर्यंत ते किल्ली फिरवत नाहीत. पट्ट्याचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा, ही अट मुलांनी घातली आहे. हनुवटीखाली दोन बोटे जातील इतकाच पट्टा सैल असावा, हेही त्यांना ठाऊक आहे आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हनुवटीखाली बोटे घालून पाहतात. मुख्याध्यापकही त्यातून सुटलेले नाहीत.

चारचाकीत बसणाऱ्या मुलांसाठी वेगळी मागणी ठरली, मागच्या आसनाचा पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मोटारीच्या अपघातात मृत्यू झाला. मागे बसलेल्या त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, हे समोर आल्यावर मागच्या पट्ट्याची चर्चा काही महिने जोरात होती आणि मग विरली. आमच्या वर्गातल्या एका मुलाने सांगितले, की त्यांच्या गाडीत मागच्या आसनांवर इतके सुंदर कव्हर घातले आहे की पट्ट्याची कुलुपे त्याच्याखाली गडप झाली आहेत. त्याने कात्री मागितली आणि आईने ती दिली, असे तो सांगतो. अधिक चौकशी मी केली नाही.

निबंधाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातल्याच कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि त्याला जामीन देताना घातलेल्या अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. त्यावर देशभर संताप उसळला. मला त्या संतापात भर घालायची नाही, मी फक्त एवढे पाहिले, की त्या जूनपासून आमच्या शाळेतली मुले ‘रस्ता सुरक्षा’ हा निबंधाचा विषय ऐकताच हसू लागली. त्या वर्षी मी निबंध दिलाच नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर कलम १९९अ अन्वये पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, एवढीच माहिती मी पालकसभेच्या सूचनेत छापून पाठवली. नववी-दहावीच्या मुलांना शिकवणीला जायला स्कूटर देणारे काही पालक आमच्याकडेही आहेत आणि त्यांच्याशी बोलण्याचे काम मुलांवर टाकायचे नाही, हे मी ठरवले आहे. जे मोठ्यांनी मोठ्यांना सांगायचे असते ते मुलांच्या तोंडून वदवून घेणे हा भित्रेपणा आहे.

राहता राहिला वेण्यांचा प्रश्न. खुंट्या भरू लागल्या तरी मुलींची हेल्मेटे कमी दिसत होती. एके दिवशी मी फाटकाशी एका मुलीला हेल्मेट घालताना नीट पाहिले. आमच्या शाळेच्या नियमाप्रमाणे तिच्या दोन घट्ट वेण्या दुमडून लाल रिबिनींनी कानांच्या वर बांधलेल्या होत्या. हेल्मेट त्या दोन फुगवट्यांवर टेकून बसत होते, कपाळ उघडे राहत होते आणि पट्टा हनुवटीपर्यंत पोहोचतच नव्हता. ती म्हणाली, “बाई, हेल्मेट घातलं की रिबीन सुटते आणि रिबीन सुटली की डायरीत शेरा मिळतो.” म्हणजे पालकांना पत्रे पाठवणारी आमची शाळाच इतकी वर्षे मुलींच्या डोक्यावर हेल्मेट बसू देत नव्हती आणि ते आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

मुख्याध्यापकांकडे मी अर्ज दिला. शिस्तीचे काय, असे आधी विचारले गेले, नंतर एक समिती नेमली गेली, समितीत मीच होते, आणि अखेर गेल्या महिन्यात सूचनाफलकावर लागले, की हेल्मेट वापरणाऱ्या विद्यार्थिनींना मानेपाशी एकच सैल वेणी घालण्याची मुभा आहे, त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव नोंदवावे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत माझ्या वर्गातल्या झाडून सगळ्या मुलींनी नावे नोंदवली होती. त्यांपैकी सहाजणी स्कूल बसने येतात आणि दोघी शाळेच्या मागच्याच वाड्यातून चालत.